दम ऐकणारे कमळाकर मामा

"घड्याळ लावा नायतर घंटा लावा. दम मोडला की चढाई संपली! त्याबिगर कबड्डी कसली गो?"

"मामा, स्पीकर बोंबलत असतो, पोरं शिट्ट्या मारतात. त्यात दम ऐकतंय कोण? तीस सेकंद मोजायची, झालं."

"मी ऐकतो."

कासूचे कमळाकर मामा दिवसा मिठागरात काम करतात आणि सत्तावीस वर्षं पेण-रोह्याच्या सामन्यांत पंच आहेत. चढाई करणाऱ्याचं 'कबड्डी कबड्डी' तुटून श्वास आत गेला, की त्यांची शिट्टी वाजायची. खेळाडूही वाद घालत नसत. वडखळला पंच-प्रशिक्षकांच्या या बैठकीत दम तपासायचा नियमच काढायचा ठराव आला, तो नम्रतानं मांडलेला. ती वरसे गावच्या मुलींना कबड्डी शिकवते. एका अंतिम सामन्यात मामांनीच तिला बाद दिलं होतं.

"जुना राग काढतेस व्हय?"

"नाय मामा, तेव्हा माझा दम मोडलाच होता. घड्याळ आलं तर शिट्टी तुमच्याकडंच राहील, म्हणून मांडलाय."

"आता काय झालंय माझ्या शिट्टीला?"

नम्रता त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. "दम मोडला की हात वर करा," असं मोठ्यानं सांगून तिनं चढाईतल्या नेहमीच्या आवाजात 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं आणि थोड्या वेळानं थांबली. खोलीत सगळे गप्प होते. मामांचा हात गुडघ्यावरच राहिला.

ती समोर आली. "मामा, मी कधी थांबले?"

मामांनी पिशवी खांद्याला लावली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि ते बाहेर पडले.