थंडीत वाजणारी गाडी

आधी मॅडमच्या उजव्या हाताचं बोट वर जायचं, मग शब्द यायचे. "थांबा सर. वाजून राहिलंय."

आमच्या घरात माझ्या आधी कुणाच्या नावावर सायकलसुद्धा नव्हती. वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. मी बी.ए., बी.एड. झालो, लोह्याच्या शाळेत लागलो आणि जुनी का होईना, गाडी घेतली. तिला कुणी नावं ठेवलेली मला खपत नसे. आमच्या शाळेतल्या या मॅडम नांदेडहून रोज माझ्या शेजारी बसून यायच्या, आणि हिवाळ्यात घडोघडी गाडी थांबवायच्या.

थंडीत डॅशबोर्ड टकटक वाजायचा. ऊन चढलं की आपोआप बंद. मेकॅनिक म्हणाला, गारठ्यानं प्लास्टिक आकसतं, फट पडते. तापलं की फुगून घट्ट बसतं. मला हायसं वाटलं. मॅडमना नाही. "म्हंजे उन्हात चाकाचा आवाज बी असाच दबत असंल?"

त्या दिवशी परत येताना गाडी अगदी गप्प होती, आणि पहिल्यांदाच मला ती शांतता नकोशी झाली.

एकदा मी त्या फटीत आईच्या लुगड्याची चिंधी कोंबली. आवाज गेला. मॅडमनी ती ओढून काढली, घडी घालून माझ्यापुढं ठेवली.

"ह्याचं तोंड बांधू नका सर."

मग त्यांनी सांगितलं. नवऱ्यासोबत काळीपिवळी जीपमधून चाकूरला निघाल्या होत्या. मागचं चाक वाजत होतं. मॅडमनी ड्रायव्हरला सांगून पाहिलं, तर त्यानं टेपचा आवाज वाढवला. चाक निखळलं तेव्हा गाणं चालूच होतं. नवरा जागीच गेला. हे सांगतानाही त्यांचं बोट वरच होतं.

पुढं मुख्याध्यापकाच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव लागलं, तेही थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इस्लापूरला. त्यांची आई नांदेडला, म्हणजे दर आठवड्याला कुणाच्या तरी जीपमधून जाणंयेणं. त्या नकार कळवायला निघाल्या. मी म्हणालो, मग तुम्हीच शिका की चालवायला. थांबायचं तुमच्या हातात राहील. त्यांनी स्टिअरिंगवर एकदा हात ठेवून पाहिला.

"हाव, शिकते," म्हणाल्या.

मी शेजारी बसून शिकवू लागलो, आता भ्यायची पाळी माझी. मे महिन्यात भर दुपारी, गाडी तापलेली असताना, मागून कुरकुर सुरू झाली. उन्हात आवाज यायलाच नको होता. मॅडमनी गाडी कडेला घेतली, उतरल्या, पदर हाताला गुंडाळून एकेका चाकाचे नट हलवून पाहिले. सगळे घट्ट. खिडकीचं रबर तापून काचेला घासत होतं, एवढंच. परत बसल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पण किल्ली त्यांनीच फिरवली.

बढतीचा आदेश निघेपर्यंत हिवाळा आला, जायच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. त्यांनी घेतलेली जुनी गाडी गल्लीतूनच टकटक करत निघाली आणि कोपऱ्यावर थांबली. मॅडम उतरल्या, वाकून चारही चाकं पाहिली, पुन्हा बसल्या.

दुपारपर्यंत माझं वर्गात लक्ष नव्हतं. मग फोन आला. "पोचले सर. सतरा ठिकाणी थांबले."

माझ्या शेजारची सीट आता रिकामी असते. फटीत चिंधी मी पुन्हा घातली नाही. मॅडम इस्लापूरपर्यंत एकट्या गाडी चालवत गेल्या.