पंख्याची वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांनी माझ्या हातात पाना दिला त्या उस्तादांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर बसलं की मी आधी त्याचा चेहरा बघतो. याला कळलंय की काय? कोण बोललं असेल? कोण बोलणार — माहीत तर फक्त मलाच आहे.

मी वाशिमकडचा. आठवीत शाळा सोडली. कामासाठी फिरत फिरत पेणला आलो आणि गॅसचे हीटर बसवायला शिकलो. कोकणात हीटर कशाला, म्हणून गावाकडे सगळे हसले होते. पण इथे गणपतींचे कारखाने आहेत, आणि आषाढ-श्रावणात शाडूची मूर्ती आपली आपण वाळत नाही. म्हणून मोठ्या कारखान्यात छताच्या लोखंडाला साखळ्यांनी हीटर टांगतात. फार खाली टांगला तर मातीला तडे जातात, ताडपत्रीजवळ टांगला तर आग लागते. सिलिंडर बाहेर जाळीत ठेवायचे, पाइपच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. ज्या कारखान्याचं सांगतोय, तिथे हे सगळं मी नीट केलं होतं.

राहिला पंखा. बंद जागेत हीटर हवा खातो, आणि हवा कमी पडली की जो वायू सुटतो त्याला ना रंग, ना वास. माणूस बसल्या जागी जातो. म्हणून भिंतीत पंखा लावून आतली हवा बाहेर फेकायची, आणि त्याची वायर गॅसच्या व्हॉल्व्हशी अशी जोडायची की पंखा बंद झाला तर गॅसही बंद. उस्ताद म्हणायचे, "बाकी सब भूल जा, ये मत भूल."

मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं — नाही, तेही बरं नाही.

त्या कारखान्यात नाना आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. अख्ख्या कारखान्यात ते काम एकाच हाताचं. मी परका, ओळख ना पाळख, तरी त्यांनी मला त्यांच्या पडवीत ठेवून घेतलं. काकू रोज भाकरी आणि सुकट वाढायच्या. "तुमच्याकडं मासली न्हाय, म्हणून असा वालला हायस," नाना म्हणायचे. "तुला हीटरची गरजच न्हाय." मी हसायचो, आणि मनात म्हणायचो, या माणसासाठी आपण काय करू शकू?

काय केलं ते ऐका.

पंख्यामुळे दारातून रस्त्याची धूळ आत ओढली जायची आणि ओल्या रंगावर बसायची. मालक कुरकुरले. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं, फक्त कुरकुरले. पण या लोकांनी मला काम दिलं, जागा दिली — मीच पुढे झालो. खटक्याच्या डब्यात बोटभर वायर टाकून, पंख्याला वगळून, व्हॉल्व्ह डायरेक्ट केला. मग पंखा बंद केला, तरी गॅस चालू. धूळ थांबली. मालकांनी पाठ थोपटली. काय केलं, ते विचारलंसुद्धा नाही.

नाना माळ्यावर बसायचे, कारण वरच्या पारदर्शक पत्र्यातून उजेड चांगला येतो. हीटरची गरम हवाही तिथेच साचते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, डोकं चढलंय. मी ऐकलं. चौथ्या दिवशी त्यांनी एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा वर काढला, जिन्यावरून उतरताना झोकांडले आणि दाराबाहेर ओकले.

नाना पूर्वी प्यायचे. सोडून बरीच वर्षं झाली होती, पण लोक कुठे विसरतात? "सकालीच लावली वाटतं," कुणीतरी म्हणालं. पोरं हसली. मालकांनी मला बाजूला घेतलं. "तू त्याच्या घरी राहतोस. बाटली दिसली का?"

मी काय म्हणालो असेन? 'नाही' म्हणायचं होतं. तेवढं तरी. पण मग पुढचा प्रश्न आला असता — मग झालं काय? आणि सगळ्यांचे डोळे वर गेले असते, बंद पंख्याकडे.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

एवढंच. त्या एवढ्यावर नानांची आखणी गेली. सगळे चहाला गेले तेव्हा मी वायर काढली, पंखा सुरू केला; धूळ आली तर येऊ दे. त्यानंतर कुणाचंच डोकं चढलं नाही, पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. नाना पाट आणि उंदीर रंगवायला बसले. घरी काकू जवळ येऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या — माझ्यासमोर. नाना शपथ घेत नव्हते, भांडत नव्हते. एकदा फक्त हात उजेडात धरून बघत बसले. "प्यायलो न्हाय रं," मला म्हणाले, "हातच गेला असंल." मी भाकरी मोडत होतो. मोडत राहिलो.

त्यांचा हात गेला नव्हता. त्यांच्या डोक्यात माझा गॅस गेला होता.

आता मी पनवेलला असतो, पण दर वर्षी आषाढाच्या आधी त्या कारखान्यातले हीटर मीच तपासतो. आखणी दुसरा करतो. नाना पाट रंगवतात. काकूंनी दिलेला डबा आजही माझ्यापुढे सरकवतात. आत आले की रंगाला हात लावत नाहीत, आधी मान वर करून पंखा बघतात. बाकी कुणीच बघत नाही. पूर्वी तेही बघायचे नाहीत. मग माझ्याकडे न बघता विचारतात, "फिरतोय ना रं?"

काय माहीत आहे त्यांना? किती दिवसांपासून? की म्हाताऱ्या माणसाला लागलेली नुसती सवय आहे? मी त्या आवाजात काही सापडतंय का ते शोधतो. दर वर्षी शोधतो.

"फिरतोय, नाना," मी म्हणतो. आणि त्यांचा डबा उघडून जेवायला बसतो.