अप्पांच्या फायरवॉलची भोकं

वाणगावात वीस वर्षं ट्रॅक्टर-टेम्पोचं वायरिंग करतोय, पण सांगण्यासारखे दोन-तीनच किस्से होते. अप्पांनी चिकूवाडीतल्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं आणि पोतंच भरलं!

अप्पा जहाजावर इंजिन सांभाळून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, एकच अट, "आग लागली तर ती तुमच्यापर्यंत पोचता कामा नये. तशी सोय होईस्तोवर उडायचं नाव काढायचं नाही!" म्हणून सगळ्यांचा जीव फायरवॉलमध्ये अडकलेला. म्हणजे इंजिन आणि सीट यांच्यामधला स्टीलचा पत्रा. वायरी त्यातूनच जाणार.

*

ट्रॅक्टरला बसवतो तशा मी भोकांना रबराच्या रिंगा बसवल्या. वर शेखी, "हलायच्या नाहीत!" अप्पांनी एक रिंग चिमट्यात धरून गॅसवर नेली. भसकन पेटली!

काकू म्हणाल्या, "यापेक्षा माझी चपाती टिकते!"

मग वापीहून स्टीलच्या नळ्या आणि फटी बुजवायला आगीत टिकणारं सीलंट आणलं.

*

नंतर मी वायरी आणि इंजिनाचा वेग वाढवणाऱ्या थ्रॉटलची केबल एकाच नळीतून काढली. एक भोक कमी! अप्पांनी थ्रॉटल पन्नासदा पुढे-मागे केला. केबल घासून वायरी सोलल्या, आतलं तांबं दिसायला लागलं.

"जागा वाचवलीस रे, माणूस कोण वाचवणार?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

उधव्याचे लखमाभाऊ आमचे वेल्डर. एका सोमवारी बघतो तर पत्र्याला मधोमध नवीन भोक!

"कुठली वायर?" मी विचारलं.

"वायर नाय. लिंबू-मिरची बांधायला!"

अप्पांना नजर लागू नये म्हणून माणूस रविवारी, सुट्टीच्या दिवशी येऊन राबला होता. अप्पांनी त्यांच्याकडूनच त्या भोकावर स्टीलची चकती रिव्हेट करून घेतली आणि लिंबू-मिरची शेडच्या दाराला लावली.

*

शेवटची तपासणी अशी, की इंजिनाच्या बाजूने हॅलोजन लावायचा आणि सीटवर ताडपत्रीखाली माणूस बसवायचा. जिथून उजेड आत येईल, तिथून आगही येईल.

"मी बसते," काकू म्हणाल्या.

पहिल्यांदा, "तीन ठिकाणी दिसतोय." सीलंट लावलं, वाळू दिलं. दुसऱ्यांदा, "केबलपाशी, सुईएवढा." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा अप्पांनी स्वतः हॅलोजन एकेका भोकावरून फिरवला.

"दिसतोय का गं?"

"नाही. काळाकुट्ट अंधार."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. लखमाभाऊंनी हात जोडले.

"मग ये की बाहेर!" अप्पा म्हणाले.

काकू काही येईनात. मग ताडपत्रीखालून आवाज आला, "अहो, या बाजूच्या सीटला पट्टा कधी लावताय?"