कोइमतूरहून आलेलं उत्तर

२ मे २००९. कारखान्यातल्या जुन्या फायली रद्दीत काढतेय. हात कामात आहेत, म्हणून बोलवतंय — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

नाशिकजवळ सातपूरला आमच्या शेठचा झिंक प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवायचा कारखाना. बारा वर्षं तिथली लॅब मी सांभाळत होते. प्लेटिंग झालेले नटबोल्ट धुवायचे, त्या पाण्यात नावाला चुना टाकायचा आणि ते नाल्यात सोडायचं — सगळे तेच करत. मग औद्योगिक वसाहतीत इंटरनेट आलं. कारखान्याला मेलचा पत्ता एकच, पासवर्ड माझ्याकडे. आलेली मेल मी छापायची आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवायची.

वर्षा ही पेठ तालुक्यातली मुलगी, डिप्लोमा करून आमच्याकडे नुकती लागलेली. नेटवर शोधून तिने कोइमतूरचा एक प्लेटिंगवाला गाठला. त्याची पद्धत अशी: एका टाकीऐवजी ओळीने तीन टाक्यांत माल धुवायचा, पाणी शेवटच्या टाकीतून उलटं पहिल्या टाकीकडे आणायचं, तेच पुन्हा वापरायचं — नाल्यात जवळजवळ काही जात नाही.

"मॅडम, तुम्ही सोबत राहा हां. माझं एकटीचं शेठ ऐकायचे नाहीत."

शेठ ऐकत होते. समोर खुर्चीवर बसवून ऐकत होते. मला बारा वर्षांत कधी बस म्हणाले होते का?

शेठनी तीन टाक्यांची चाचणी घ्यायचं ठरवलं. तिच्या आदल्या दिवशी वर्षाच्या मेलला कोइमतूरचं उत्तर आलं. शेवटच्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका, मालावर पांढरे डाग पडतील, नळाचं घाला. दोनदा वाचलं. वर्षा बोअरचंच भरणार होती — मला माहीत नव्हतं का?

मी ते छापलं नाही.

"काही आलं का हो मॅडम?"

"नाही गं. लाइनच बंद आहे."

डाग पडले. सगळ्या मालावर. शेठ म्हणाले, "वर्षा, नेटवरचं नेटवरच राहू दे." कामगार हसले. मीही हसले — मेल न छापणं की ते हसणं, यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. मला बरं वाटलं. जळत होते मी तिच्यावर, दुसरं काही नाही.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. ती मेल काढून टाकली. मग शेडमध्ये जाऊन तिच्या तिन्ही टाक्यांचा नाल्याकडचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उघडला. वर्षा आली तेव्हा पाणी पूर्वीसारखंच नाल्यात वाहत होतं.