मोठ्या आईचं पथ्य

लेकीचा चेहरा गोल गरगरीत झाला होता आणि बोथ गावात आमच्या दुकानात येणारा जो तो मला तेच सांगायचा. "पोरगी भरून राह्यली, आता कायची काळजी?" मी नुसतं हूं म्हणायची. डोकं असं तापायचं, की बोलणाऱ्याच्या हातातली पिशवी हिसकून नालीत फेकावी.

कारण नागपूरच्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं होतं. लेक तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागलेली, आणि तिला रक्ताचा कॅन्सर. चेहरा गोळ्यांनी सुजलाय, ते बाळसं नव्हे, असं ते म्हणाले. त्यांनी तिच्या दंडाला टेप गुंडाळली आणि मान हलवली. "अंगात काही उरलं नाही. पुढची केमोची सुई हिला झेपणार नाही. आणि सुई फार लांबली, तर आजार पुन्हा उसळेल. खाऊ घाला हिला, महिन्याभरानं आणा."

खाऊ घालायला घरी थोरली जाऊ आडवी. वाईट नव्हती हो ती. तिला मूलबाळ नाही. माझी लेक तिच्याच कुशीत वाढली, तिला मोठी आई म्हणायची. पण आमच्या घरात आजाऱ्याला तेल, तूप, डाळ सगळं बंद. ज्वारीची पातळ, अळणी पेज, बस. आणि आजाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून घरातलं एक माणूस त्याच्यासोबत तेच पथ्य धरायचं. माझ्या नवऱ्याची कावीळ जाऊनं अशीच काढली होती, म्हणून तिचा त्यावर पक्का विश्वास. लेकीसोबत तीही कित्येक महिने पेजेवर होती. तिच्या अंगावर झंपर लोंबायला लागलं होतं.

"बाई, पथ्य सोडा आता," मी म्हटलं.

"काऊन? तोंड पाह्य ना तिचं, कसं भरलं."

"तोंड गेलं चुलीत. दंड पाहा तुमी."

मी लेकीच्या मनगटातली बांगडी वर सरकवली. ती कोपर ओलांडून थेट काखेपर्यंत गेली, कुठं अडलीच नाही. जाऊ उठून आत गेली आणि मुगाची मऊ खिचडी, वर तूप, अशी वाटी घेऊन आली.

आता लेक तोंड उघडेना. एक तर तोंडात फोड. त्यात म्हणते, "मोठी आई पेज पेते, मी बी पेजच पेईन." हट्टात माझ्यावरच गेलेली.

जाऊ तिच्यासमोर खाली बसली. "चाल, माहं बी पथ्य सुटलं," म्हणाली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. इतक्या महिन्यांनी तूप पोटात गेलं, तिला मळमळून आलं, तरी तिनं गिळला. मग लेकीनं घेतला. एक घास तिचा, एक हिचा. एका वाटीला दुपार सरायची. लेक ओकली, की जाऊ तोंड पुसायची, जरा थांबायची आणि पुन्हा वाटी भरायची. मी चिडले तर मलाच हाकलायची. "तू दुकानात जाय. तुही कटकट आइकून तिचा घास अडकते."

महिन्यानं नागपूरला निघालो तेव्हा तीही हटून पहिल्यांदाच सोबत आली. बसमध्ये सारखी लेकीचा दंड चाचपत होती. डॉक्टरांनी टेप लावली, वजन केलं. "झेपेल आता. आजच सुरू करू." मी हात जोडले. वळून पाहते तर जाऊ नाही.

लेकीला कडेवर घेऊन मी बाहेर आले, तर ती वॉर्डाच्या दारात उभी होती. आत केस गेलेली लहान लहान पोरं भांड्यांवर वाकून ओकत होती. पोरगी आजारानं ओकते, असंच तिला आजवर वाटायचं.

"हे सुईनं होते?"

"हो."

"म्हंजे मी तिले सुईसाठीच पोसलं का?"

"हो बाई," मी म्हटलं, "सुईसाठीच. सुई घेतल्याबिगर पोरगी वाचत नाही."

मग तिनं लेकीला माझ्याकडून कडेवर घेतलं आणि विचारलं, "कोन्त्या पलंगावर न्याचं?"