चार बाण आणि सराफाचा काटा

मागच्या बुधवारी मी भुसावळला गेलो, ते जुन्या रेडिओचा अँटेना शोधायला. हो, तोच... ओढला की लांब होणारा. भंगारवाल्यानं विचारलं, रेडिओ कुठाय? म्हटलं, रेडिओ नाही, बाण आहेत. त्यानं अँटेनांचा ढीगच पुढं सरकवला.

बाण विमलताईचे. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. मागच्या वर्षी भटकताना तिच्या शेताजवळ माझी गाडी पंक्चर झाली, पाणी प्यायला थांबलो आणि चार दिवस राहिलो... तेव्हापासूनची ओळख. ताई बांबूच्या धनुष्यानं मारते आणि बघत राहावं असं मारते.

रविवारी धुळ्यात पारंपरिक धनुष्याच्या खेळाडूंची निवड होती. निवड झाली तर हॉस्टेल, रोज मैदान, शिकवायला माणूस. नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न, हे घरात ठरल्यातच जमा होतं. तिच्याकडे कार्बनचे सहा बाण होते, त्यातले दोन गेले. सरावाच्या जागेमागं दगडांचा बांध आहे. एखादा बाण चुकून त्यावर आदळला की टोकाच्या मागं बांबूसारखी उभी चीर जाते. उरले चार. नवीन मागवायला वेळ नव्हता.

मी म्हटलं, ताई, माझ्यावर सोड. मला असल्या कामात भीती वाटत नाही. शाळेत लक्ष नव्हतं, पण हात चालतात. टोकामागं धातूची नळी चढवली की चीर जाणार नाही, असा विचार करून चारही बाण घेऊन आलो.

अँटेनाची एक नळी कार्बनवर अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केली होती. हॅकसॉनं बोटाच्या पेराएवढे चार तुकडे कापले, कानशीनं कडा मारल्या. कार्बनला पॉलिश पेपर घासताना तोंडाला रुमाल बांधा बरं का, ती भुकटी वाईट. मग दोन ट्यूबवाला एपॉक्सी गोंद लावून टोकाच्या मागं नळी चढवली आणि रात्रभर वाळू दिलं.

गुरुवारी सकाळी ताईच्या घरी पोचलो. (मधे एका ठिकाणी केळीचा ट्रक भरत होते, ते बघत तासभर गेला... असो.) एक बाण मुद्दाम बांधावर मारायला लावला. ठण्ण आवाज आला. बाण जसाच्या तसा. मी अंगणात अशी चक्कर मारली, जशी निवड माझीच झाली.

मग तिनं निशाणावर चार मारले. पहिला वीतभर खाली. दुसरा त्याच्याही खाली. तिसरा जमिनीत. चौथा बरा, पण खालीच.

ताईनं धनुष्य भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "गोटू, तुटत होते तेव्हा निदान लागत तरी होते."

नळ्या उतरवाव्या तर एपॉक्सी तापवावं लागणार, त्यात कार्बनच जळणार. मी कानस पिशवीत टाकली.

तिचे वडील, नाना, खाटेवर बसून बघत होते. आयुष्यभर बोरूचे बाण स्वतः बनवलेला माणूस. त्यांनी एकेक बाण बोटावर आडवा तोलला. "डोकं जड व्हई गयं," म्हणाले. "पन चारीनं येगयेगळं जड शे. तू डोयाघाई काप्या का?"

अंदाजानंच कापले होते, हो.

"मंग सारखं कर. खाले पडू दे, पन बठ्ठा एकच जागे पडू दे. पोर निशाना वर धरी."

नळी काढायची नव्हतीच... चारही बाणांचं वजन सारखं केलं की बठ्ठे, म्हणजे सगळे, एकाच जागी पडणार होते. पण एवढं बारीक वजन मोजायचं कशावर? जळगावात राहणाऱ्याला हा प्रश्न पडायला नको होता.

शुक्रवारी दुपारी मी सराफ बाजारात, हातात चार बाण. पहिल्या दोन दुकानांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या शेठनी चष्म्यावरून बघितलं. "किती कॅरेटचे?" म्हटलं, पितळ आहे, पण वजन सोन्यासारखं पाहिजे.

त्यांनी काट्याचं काचेचं झाकण काढलं आणि बाण वाटीत आडवा ठेवला. सगळ्यात हलका बाजूला काढला आणि बाकीच्या तिन्ही बाणांच्या नळ्या बारीक कानशीनं स्वतःच घासायला बसले. घासायचं, तोलायचं, परत घासायचं. पितळेचा कीस सवयीनं कागदावर गोळा करत होते. शेवटी पुडी बांधायला निघाले आणि स्वतःशीच हसले.

शनिवारी चारही बाण एकाच जागी, वीतभर खाली. ताई दिवसभर निशाणाच्या वर बघून मारत राहिली. संध्याकाळी ती वीत संपली.

रविवारी धुळ्याला जाताना सोनगीरचा किल्ला दिसला, मी गाडी हळू केली. मागून आवाज आला, "गोटू, सरळ चल." सरळ गेलो.

मैदानात दुसऱ्या फेरीत तिच्याच एका बाणानं तिच्याच दुसऱ्या बाणाचं शेपूट फोडलं. उरले तीन, आणि फेरीला तीनच लागतात. पुढच्याच फेरीत एक बाण निशाणाच्या स्टँडच्या लोखंडी पायावर आदळला... तो आवाज माझ्या दातांत गेला.

ताई चालत गेली, बाण उचलला, कानाशी धरून वाकवला. चीर असली की कडकडतो. ती ऐकत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग तिनं तो पुन्हा दोरीला लावला.

निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं आलं. तिनं आधी नानांना फोन केला. तिकडून ते काय म्हणाले माहीत नाही, पण ती बराच वेळ नुसतं "हो... हो..." म्हणत होती.

फोन ठेवून माझ्याकडे वळली. "हॉस्टेलवर नवे बाण मिळाले की असेच करून दे. सगळे, एकाच वजनाचे."

आजवर मला लोकांनी "पुरे कर आता" एवढंच सांगितलंय. तेच काम पुन्हा कर, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं.