चंद्र उगवण्याआधीचा घास

जी गोष्ट मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितली नाही, आईला नाही, बायकोला नाही, आणि जिच्यावर पहिला हक्क मधूचा आहे त्या मधूलाही नाही, ती आज लिहायला बसलो आहे. आमच्या घरात तिचा अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे. आई होती तोवर दर संकष्टीला, चंद्राची वाट पाहत अंगणात बसलेल्या शेजारणींना ती सांगायची, "माह्या पोरानं परदेशात, बर्फाच्या पहाडावर चतुर्थी धरली वं. आदाशाच्या गणपतीनं हाताले धरून खाली आणलं त्याले." बायका तिथूनच हात जोडायच्या. मी घरात असलो तर उठून मागच्या दाराने बाहेर जायचो. लोकांना तो माझा विनय वाटे. तो विनय नव्हता.

नागपूरच्या लकडगंजात आमची लाकूड चिरायची आरामशीन होती. भुशाच्या वासात वाढलो, पण धंद्यात जीव रमला नाही म्हणून कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागलो. तिथे नवीन यंत्रं यायची होती आणि ती शिकून घ्यायला दोघांना हिवाळाभर ऑस्ट्रियाला पाठवायचं ठरलं. एक मी, दुसरा मधू. मधू खापा गावचा. कन्हानच्या पुरात उडी मारणारा, कारखान्याच्या कबड्डीत कुणाला हात लागू न देणारा, आणि तोंडाने अखंड चालू. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे आमचं जमलं. जायची वेळ आली तेव्हा माझ्या बायकोला दिवस गेले होते. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. आईने मला आदाशाला नेलं, टेकडीवरच्या त्या भल्या मोठ्या शेंदरी मूर्तीसमोर उभं केलं आणि माझ्या वतीने बोलली, की सून सुखरूप मोकळी होईपर्यंत माझा मुलगा प्रत्येक संकष्टी करील, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. फराळसुद्धा नाही. परतताना मला म्हणाली, "तू तिकडं चुकला, तर इकडं माह्या सुनेले भोगावं लागन." ते वाक्य मी पेटीत कपड्यांच्या आधी भरलं.

तिथल्या कारखान्यात आम्हाला शिकवायला फ्रान्झ नावाचा फोरमन होता. सुटीच्या दिवशी तो आम्हाला गावामागच्या उतारावर स्की शिकवायचा. ज्यांनी जन्मात बर्फाचा गोळाच तेवढा खाल्ला होता, असे आम्ही दोघे, पायाला लांब लाकडी पट्ट्या बांधून दिवसभर आपटत असू. पण मी हटलो नाही. मला त्या पांढऱ्या उतारांचं वेड लागलं होतं. ज्याच्या अंगात कधी काही खेळ नव्हता त्याला एकदा तरी आपण काही धाडस केलं असं वाटायला हवं होतं. आम्ही जरा सावरल्यावर फ्रान्झ म्हणाला, जायच्या आधी तुम्हाला खरा पहाड दाखवतो. स्कीला खालून केसाळ पट्ट्या लावून वर चढायचं, म्हणजे पाय मागे घसरत नाही, खिंड गाठायची, आणि पलीकडच्या वस्ती नसलेल्या दरीतून घसरत खालच्या गावी उतरायचं. दिवस त्याने ठरवला. ती माघातली संकष्टी होती.

मधूच्या ते लक्षात होतं. आदल्या दिवशी म्हणाला, "काहून बे, उद्या तुही चतुर्थी ना? उपाशी पोटी पहाड चढशीन का? खातो म्हण, नाही तर आपण जाऊनच नाही राहिलो." मी म्हणालो, आईने यावेळी सूट दिली आहे, तसं पत्र आलं आहे. असं कुठलंही पत्र आलं नव्हतं. मला पहाडही पाहिजे होता आणि व्रतही. त्यातलं एक सोडावं हे मनाला शिवलंही नाही. उलट वाटलं, अशा ठिकाणी जो उपास निभावून दाखवील त्याचं देवाला ऐकावंच लागेल. याला मी तेव्हा श्रद्धा म्हणत होतो.

चढताना फ्रान्झ ठरल्याप्रमाणे थांबायचा आणि प्रत्येकाच्या हातावर पाव, चीज, साखरेच्या वड्या ठेवायचा. त्या थंडीत अंगाला सतत सरपण लागतं, असं तो हातवारे करून समजावायचा. मी पाठ फिरवून सगळं कोटाच्या खिशात टाकत गेलो. तोंड मात्र चघळल्यासारखं हलवायचो, हे लिहिताना आजही लाज वाटते. खिंडीत पोचलो तेव्हा सगळीकडे नुसती शिखरं होती, ना झाड, ना धूर, ना आवाज. मधू ओरडला, "अबे, हे तर सीताबर्डीच्या किल्ल्यापेक्षा जरासं उंच दिसून राहिलं!" फ्रान्झला काही कळलं नाही, पण तोही हसला. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी दात आवळून मनात जप धरला आणि उताराला लागलो.

उतरताना फ्रान्झ पुढे, मध्ये मी, मागे मधू. नियम असा, की पुढचा थांबला की मागच्याने वरच थांबायचं. अर्ध्या उतारावर खालून धुकं चढू लागलं आणि त्याच सुमाराला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. थांबायचं असं मी ठरवलं नव्हतं. गुडघे गेले आणि मी वाटेतच बसलो. मधू वेगात होता. माझ्या अंगावर येऊ नये म्हणून त्याने एकदम वळण घेतलं आणि तो बाजूच्या घळीत गेला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी सरकत खाली गेलो तेव्हा त्याचा पाय नको त्या बाजूला वळलेला होता, आणि तो पहिलं काय बोलला असेल? "माहीच चूक गा. तू थांबला होता, मी पाह्यलंच नाही." मी थांबलो नव्हतो, कोसळलो होतो. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो.

फ्रान्झ परत वर आला. त्याने माझ्याच स्कीच्या काठीने मधूचा पाय बांधला आणि माणसं आणायला तो खालच्या गावाकडे निघाला. जाताना मला बजावलं: याला झोपू देऊ नका, खाऊ घाला, आणि थोडं खाली गवत साठवायची एक लाकडी खोपी आहे, जमलं तर ओढत तिथवर न्या. उघड्यावर राहिलात तर अंधार पडल्यावर हा टिकणार नाही. तो धुक्यात दिसेनासा झाला. मी मधूला दोन्ही स्कींवर निजवलं, कोटाखाली हात घातले आणि ओढू लागलो. थोडं ओढायचं की मी पडायचो. पुन्हा उठायचो. शेवटी उठताच येईना. खिशातला सगळा पाव काढून मी मधूला भरवला. "तू खाल्लं का बे?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. माझ्या हाताला पावाचा वास येत होता. मी तो हात बर्फात पुसला. एकीकडे माझा मित्र माझ्यासमोर गारठत होता, दुसरीकडे नागपूरला माझी बायको होती, तिच्या पोटात ते मूल होतं, आणि दोघांच्या मधोमध मी माझा निर्धार धरून बसलो होतो. मधू बडबडायचा थांबला तेव्हा मी प्रथमच खरा घाबरलो. मी देवाला म्हणालो, काहीतरी कर. मला काय सोडावं लागेल ते मात्र मी विचारलं नाही.

तेवढ्यात खालून धुक्यातून एक बाई वर आली. डोक्याला रुमाल, पायात जुनी स्की, मागे दोरीने ओढलेली गवत वाहायची रिकामी घसरगाडी. वयाने माझ्या आईएवढी असेल. तिने मधूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून जाड पावाचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. मी नको म्हणून हात जोडले. तिने तुकडा आणखी जवळ आणला. मी पुन्हा हात जोडले, कपाळाला लावले, मान खाली घातली. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला आपण असंच थांबवतो. त्या बाईचा चेहरा एकदम कळवळला. तिने थर्मासमधल्या गोड चहात पाव भिजवला, माझी हनुवटी धरली, आणि आई रागावते तसं काहीतरी पुटपुटत घास माझ्या तोंडाशी आणला.

मी तोंड उघडलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. चंद्राला अजून कितीतरी अवकाश होता, धुक्यामागे सूर्यच मावळायचा होता. मी तो घास गिळला, दुसरा घेतला, तिसरा मागून घेतला. खाताना मी लहान मुलासारखा रडलो. माझं मूल गेलं असं मला वाटलं, आणि तरी मी खात होतो. मग अंगात हळूहळू ऊब आली. आम्ही दोघांनी मधूला घसरगाडीवर बांधलं. ती पुढून सांभाळत होती, मी मागून दोर ताणून धरत होतो. खोपीशी थांबलोसुद्धा नाही, सरळ खाली निघालो. फ्रान्झ आणि गावची माणसं रानाच्या कडेला भेटली. ते वर पोचेपर्यंत वाट पाहिली असती तर उशीर झाला असता, असं डॉक्टरने नंतर सांगितलं.

ती बाई कोण, कुठली, हे मी फ्रान्झमार्फत विचारलं. सकाळी गवत नेताना ती खोपीत दोर विसरली होती, म्हणून परत आली होती, आलोच आहोत तर आणखी गवत न्यावं म्हणून गाडी घेऊन. एरवी दिवसातून दोनदा वर यायचं तिला कारण नव्हतं. मग ती फ्रान्झला काहीतरी म्हणाली आणि तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागला. ती म्हणत होती, हा माणूस हात जोडून भीक मागावी तसं खायला मागत होता. इतका भुकेला माणूस मी पाहिला नाही. मी नको म्हणत होतो. तिला वाटलं मी मागतो आहे. आणि जे मी मागायला तयार नव्हतो तेच तिने मला दिलं. त्या दिवसापासून मी याच एका गोष्टीशी येऊन थांबतो. देवाशी मी सौदा करत होतो, त्याने माझा नकारच प्रार्थना म्हणून ऐकला. याला चमत्कार म्हणावं की दोर विसरणं म्हणावं, मला ठरवायचं नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की माझ्या मुठीत जे होतं त्याने मधूला मारलं असतं, आणि मूठ सुटली तेव्हा तो वाचला.

त्या रात्री दवाखान्याच्या खिडकीत चंद्र आला असेल. मी पाठ करून बसलो होतो. पुढचे आठवडे टपालवाला दिसला की मी वाट बदलायचो. पुढच्या चतुर्थ्या मी केल्या नाहीत, मोडलेली गोष्ट जोडल्याचं सोंग नको वाटलं. मग तार आली: मुलगी झाली, दोघी सुखरूप. घरी परतलो तेव्हा आईने आपली गोष्ट तयारच ठेवली होती. मी एकदा तोंड उघडायला गेलो, पण नातीला मांडीवर घेऊन ती इतकी तृप्त दिसत होती, की गप्प बसलो. गप्प बसण्याची मला सवयच होती.

मधूचा पाय आखूड राहिला. कबड्डी गेली, कन्हानचं पोहणं गेलं. आजही खाप्याहून आला की लंगडत ओसरी चढतो आणि माझ्या मुलीला हसत सांगतो, "तुह्या बापानं ओढून आणलं मले. चूक माही, अन् हमाली त्याची!" प्रत्येक वेळी मी चहा सांगायच्या निमित्ताने उठतो.

आई गेल्या थंडीत गेली. परवा संकष्टी होती. माझी मुलगी मॅट्रिकच्या परीक्षेच्या तयारीत आहे. सकाळपासून तिने तोंडात काही घेतलं नव्हतं. संध्याकाळी शिकवणीहून आली आणि दारातच भोवळ येऊन खाली बसली. मी पोळीचा तुकडा दुधात भिजवून तिच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली. "बाबा, अजून चंद्र कुठे दिसला? तुम्ही तर बर्फात केला होता." मी घास मागे घेतला नाही. मग मी म्हणालो, "नव्हता केला. मोडला होता मी. खा तू." ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिने घास घेतला.

आता मी आदाशाला जातो तेव्हा काही मागत नाही, काही नवसही बोलत नाही. त्या मूर्तीपुढे हात जोडून उभा राहतो. मी नको म्हणतो आहे की मागतो आहे, हे त्याचं त्याने ठरवावं. एवढं शरण जायला मला शिकता आलं, त्याबद्दल मी त्या अनोळखी बाईचा आणि तिच्या विसरलेल्या दोराचा ऋणी आहे.

पण ते ऋण देवाच्या घरचं आहे, ते फिटणार नाही आणि त्याची मला खंत नाही. दुसरं आहे ते इथलं आहे. मधू इतकी वर्षं जी चूक आपली म्हणून सांगतो ती माझी होती. हे त्याच्यासमोर बसून, चहा सांगायला न उठता, मी अजून सांगितलेलं नाही.